बायोडिझेलच्या टाकीत बुरशी: औषध घालावं की पाणी काढावं?

पावसाळ्याआधी बी-२० (वीस टक्के बायोडिझेल मिसळलेलं डिझेल) किंवा शुद्ध बायोडिझेल भरून ठेवणाऱ्यांपुढे दोन मार्ग असतात: इंधनात बायोसाइड, म्हणजे जंतू मारणारं औषध घालायचं, नाहीतर तळाचं पाणी नियमित काढत राहायचं. कोकणात बर्फाच्या कारखान्यातल्या जनरेटरसाठी मी दोन्ही वापरले आहेत.

बायोसाइडला कमी लेखू नये. जंतू वाढतात ते इंधन आणि तळाचं पाणी जिथे भेटतात त्या थरात, आणि चांगलं औषध तिथवर पोचतं. महिनोन्‌महिने न चालणाऱ्या जनरेटरच्या टाकीला, किंवा एकदा बुरशी धरलेल्या टाकीला, ते लागतंच.

मला वैताग आला तो पुढच्या भागाचा. औषधानं बुरशी मरते, पण टाकीतून जात नाही. मेलेला थर सुटून तळाशी बसतो आणि नवं इंधन ओतताना ढवळला, की थेट फिल्टरमध्ये. ऐन जुलैत वीज गेलेली, बर्फाचे साचे अर्धवट गोठलेले, आणि जनरेटर आचके देत बंद. फिल्टर उघडला तर आत काळपट, बुळबुळीत लगदा. नवा घातला, तोही बघता बघता चोंदला. औषधानं काम चोख केलं होतं, तरी माल वितळायचा तो वितळलाच. शिवाय पाणी तसंच राहिलं तर वाढ पुन्हा सुरू होते.

आणि पाणी येतंच. आयएस १५६०७ या भारतीय मानकाप्रमाणे बायोडिझेलमध्ये किलोमागे ५०० मिलिग्रॅम पाणी चालतं, बीएस-६ डिझेलमध्ये २००. रात्री इंधन थंड झालं की विरघळलेल्या पाण्यातलं काही तळाशी उतरतं. अर्धी रिकामी टाकी दमट हवा ओढते, ती भर वेगळीच.

म्हणून माझा कल पाणी काढण्याकडे. डिपरॉडला (टाकीत बुडवायच्या मोजपट्टीला) पाणी लागलं की रंग बदलणारी वॉटर फाइंडिंग पेस्ट लावून बघायचं, रंग बदलला की खालचा कॉक सोडायचा. टाकी शक्यतो भरलेली ठेवायची, ब्रीदरला, म्हणजे टाकीत हवा येण्याजाण्याच्या नळीला, ओल शोषणारं सिलिका जेल लावायचं. कटकट आहे, विशेषतः धो धो पावसात. पण तेव्हापासून फिल्टरनं ऐनवेळी दगा दिलेला नाही. तुमची टाकी, तुमचं हवामान वेगळं असेल; तरी मी आधी कॉक बसवेन, मग औषधाचा विचार करेन.

कॉक स्टेनलेस स्टीलचा घ्या. पितळ आणि जस्ताचा मुलामा बायोडिझेलला सोसत नाही. तळ सपाट असेल तर टाकी कॉकच्या बाजूला किंचित कलती बसवा. निघालेलं तेलकट पाणी गटारात सोडू नका, वापरलेलं तेल नेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या.