केक सजवायचं सामान: नऊ महिने, ३१ केक आणि एक उलटा तवा

आमच्याकडे केक भाजते बायको आणि सजवतो मी. ही वाटणी गेल्या जूनमध्ये झाली. भोसरीच्या एका टूलरूममध्ये चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शन करून मी निवृत्त झालो आणि त्याच महिन्यात नातीचा वाढदिवस आला. विकत आणलेला केक एका बाजूला चांगला सेंटिमीटरभर खचलेला होता, आणि ते मी सगळ्यांदेखत बोलून दाखवलं. "अहो, मग पुढचा तुम्हीच करा की," असं बायको म्हणाली, तीही सगळ्यांदेखत. मग काय, केला. तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत ३१ झाले. विकायला एकही नाही, घरचे, सोसायटीतले आणि व्याह्यांकडचे. प्रत्येकाची नोंद वहीत आहे: तारीख, स्वयंपाकघरातलं तापमान, कुठलं नोझल (क्रीमला आकार देणारं टोक), काय बिघडलं. 'काय बिघडलं' हा रकाना सगळ्यात रुंद आखावा लागला. त्या वहीवरूनच हे लिहितोय.

सामान घेतलं बोहरी आळीतून. बोपोडीहून मेट्रोने मंडई आणि तिथून चालत रविवार पेठ. दुचाकी नेऊन ती लावायला जागा शोधण्यापेक्षा हे बरं, येताना हातात खोकीही असतात. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "बिझनेसला पाहिजे की घरी?" मी भाबडेपणाने "घरी" म्हणालो. त्याबरोबर त्याने प्लॅस्टिकच्या पेटीतला ४८ नोझलचा संच, बारा रंग, कंगव्यासारखे तीन स्क्रॅपर आणि केक ठेवून फिरवायचं हलकंफुलकं टर्नटेबल असं सगळं समोर मांडलं. ३,८०० रुपये झाले. त्यातलं निम्मं सामान आज माळ्यावर आहे. दुसऱ्या खेपेला मी "बिझनेस" म्हणालो, तेव्हा त्याच दुकानात मागच्या फळीवरून वेगळाच माल निघाला.

टर्नटेबलबद्दल सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते निम्मा केक तिथेच बनतो किंवा बिघडतो. पहिलं प्लॅस्टिकचं होतं, तीनशेच्या आत. दुकानात बोटाने फिरवलं, भिंगरीसारखं फिरलं, घेतलं. चूक झाली ती तिथेच. किती वेळ फिरतं हे बघून उपयोग नाही, फिरताना काठ वर-खाली किती होतो ते बघायचं असतं. चौथ्या केकपर्यंत मी माझ्या हाताला दोष देत होतो. क्रीमच्या कडेला लाटा उठायच्या, त्या पुसायला गेलं की दुसरीकडे उठायच्या. शेवटी एका रविवारी सकाळी डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापयंत्र, काढला. त्याचा मॅग्नेटिक स्टँड ओट्याच्या कडप्प्यावर काही बसेना, म्हणून लोखंडी तवा उलटा घातला आणि त्यावर स्टँड चिकटवला. गेजचं टोक थाळीच्या काठावर टेकवून थाळी सावकाश फिरवली. काटा अडीच मिलिमीटर हलला. मग एका बाजूला किलोभर मैद्याची पिशवी ठेवली, तर चारच्या घरात. स्क्रॅपर, म्हणजे क्रीमची कड सपाट करायची पट्टी, कितीही स्थिर धरला तरी खालचं सगळं डुलत असेल तर कड सरळ येणार कशी? एवढ्यात मागून आवाज आला, "तो तवा द्या आता, पोळ्या व्हायच्यात."

दुसरं ॲल्युमिनियमचं घेतलं, साधारण चौदाशेला. काठाचं वर-खाली होणं, म्हणजे रनआउट, ०.४ मिलिमीटर, मैदा ठेवूनही त्यात फारसा फरक नाही. जड आहे, म्हणून ओट्यावर सरकत नाही. तरी मी खाली ओलं फडकं घालतो. डायल गेज दुकानात नेता येत नाही, पण एक युक्ती आहे. शेजारी एखादं खोकं ठेवा, त्यावर हात टेकून पेनचं टोक थाळीच्या काठाच्या अगदी जवळ धरा आणि थाळी फिरवा. टोक आणि काठ यांच्यातली फट कमी-जास्त होत असेल तर ते टर्नटेबल परत द्या. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, बघू दे. नऊ महिन्यांत याची एकच तक्रार: सहाव्या महिन्यात कुरकुरायला लागलं. साखरेचा पाक दांड्यावरून आत बेअरिंगमध्ये उतरला होता. गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलं तेव्हा गप्प झालं. मधे एकदा शहाणपणा करून खाण्याच्या तेलाचा थेंब सोडला होता, तो आठवड्यात चिकट झाला.

स्क्रॅपर स्टीलचाच घ्या, सहा इंच उंचीचा. आणि नातवंडाच्या कंपासपेटीतला गुण्या खिशात घालून जा. मी आधी घेतलेल्या स्क्रॅपरचा कोपरा काटकोनात नव्हता. दोन अंशांचा फरक डोळ्याला कळत नाही, पण केक वर निमुळता होतो आणि बघणाऱ्याला काहीतरी चुकलंय एवढं मात्र जाणवतं. पॅलेट नाइफ (क्रीम पसरायची बोथट सुरी) वाकड्या मानेचा, आठ इंची, एकच पुरतो.

आता क्रीम. घरी भाजीत घालायला आपण जो टेट्रापॅक आणतो त्यावर २५ टक्के फॅट लिहिलेलं असतं. तो फेटत बसाल तर हात दुखतील, क्रीम उभं राहणार नाही. त्याला ३० ते ३५ टक्के लागतं. म्हणून बहुतेक जण नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम वापरतात. ते वनस्पती तेलाचं, आधीच गोड, फेटल्यावर तिपटीच्या आसपास फुगतं आणि तासन् तास टिकतं. चवीला मला ते टाळूला चिकटल्यासारखं लागतं. पाकिटामागचा मजकूर वाचत चला. हायड्रोजिनेटेड फॅट दिसलं की ट्रान्स फॅटचा आकडाही बघा. आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे. आमच्याकडे आता असं ठरलंय की घरी त्याच दिवशी खायचा केक दुधाच्या क्रीमचा आणि प्रवास करणारा नॉन-डेअरीचा.

दोन्हींना थंडावा मात्र लागतोच. नॉन-डेअरीचा खोका उणे १८ला गोठवलेला मिळतो. तो आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. बाहेर ओट्यावर वितळवायचा नाही आणि एकदा वितळला की परत गोठवायचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हे नियम मी पाळत होतो की नाही कुणास ठाऊक, कारण पावसाळी हवेत सगळं चालून गेलं. ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली आणि बारावा केक बसला. अक्षरशः बसला. क्रीमच्या गुलाबाच्या पाकळ्या दहा मिनिटांत मिटल्या. तेव्हापासून टोचायचा थर्मामीटर वापरतो. सुरुवातीला क्रीम ६ अंशांवर, फेटून झाल्यावर ११ च्या आत. पातेलं उभट आणि खोल, बीटरच्या काड्या अर्धा तास फ्रीझरमध्ये आणि पातेल्याखाली बर्फाची परात. मार्चमध्ये स्वयंपाकघर ३२ अंशांवर होतं, तरी याने निभावलं. जास्त फेटलं जाऊन क्रीम रवाळ झालं तर टाकू नका. न फेटलेलं दोन-तीन चमचे पातळ क्रीम घालून हाताने हलकेच मिसळा, बहुतेक वेळा वळणावर येतं. आणि गुरुवारी क्रीमचं काम काढू नका. पुण्यात गुरुवारी लाइट कधी जाईल याचा नेम नाही हे पुणेकराला सांगायला नको, पण मी ते विसरलो होतो.

फ्रीज हेही सामानच आहे, हे मला उशिरा कळलं. आधी मेजरिंग टेप घेऊन कप्प्याची उंची आणि खोली मोजा, मग केकचा टिन आणि बोर्ड घ्या. अर्धा किलोला सहा इंची टिन, किलोला आठ इंची. आठ इंची केकला दहा इंची बोर्ड लागतो आणि त्यावर खोकं. आमच्या फ्रीजचं दार या खोक्याने बंद होईना. बायकोने कप्प्याची काच काढून ताकाचं भांडं शेजारणीकडे पाठवलं तेव्हा तो प्रश्न सुटला. दुसरा धडा वासाचा. फॅट वास ओढून घेतं. उघडा ठेवलेला व्हॅनिला केक सकाळी लसणाच्या चटणीचा लागत होता. नातीने "आजोबा, तिखट केक" म्हणून मिटक्या मारत खाल्ला, बाकी कुणी नाही.

नोझलचं वहीतलं गणित असं: ४८ पैकी सहाच वापरली गेली. १ एम आणि २ डी ही मोठी चांदणीची, पाकळ्यांची १०४, पानाची ३५२, लिहायला २ नंबर आणि गवताची २३३. हे क्रमांक दुकानदाराला सांगितले की तो सुटी काढून देतो. जोड नसलेली घ्या. जोडाची नोझल आतून गंजतात आणि चांदणीची एक पाकळी वाकडी येते. धुतल्यावर ओटीजी बंद केल्यानंतर आत जी ऊब राहते, तीत वाळवतो. या सहांपैकी २३३ मला सगळ्यात आवडतं, त्याचं कारण गणपती. सुनेला वाटत होतं केकवर बाप्पाच काढावा. बायकोने साफ नकार दिला, "बाप्पावर सुरी चालवायची नाही." बरोबरच होतं. मग मी लाल जास्वंद काढली, पाच पाकळ्या १०४ने, मधला पिवळा दांडा २ नंबरने. आणि कडेने २३३ने हिरव्या दूर्वा, मोजून एकवीस. त्या दिवशी केक कापताना कुणाचाच हात आधी पुढे येईना.

लाल रंगाचं तंत्रही त्याच वेळी कळलं. द्रवरूप रंगाने क्रीम सैल पडतं, म्हणून जेल घ्यायचा, टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढा. लाल लगेच गडद होत नाही. तुम्ही ओतत जाता आणि जीभ कडू होते. आदल्या रात्री गुलाबीच ठेवून फ्रीजमध्ये झाकून ठेवा, सकाळपर्यंत बराच चढतो. काळा हवा असेल तर चॉकलेटी क्रीमपासून सुरुवात करा. भारतात खाण्यात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, त्यामुळे बाटलीवर रंगाचं नाव किंवा क्रमांक नसेल तर ती तिथेच ठेवा. चॉकलेटसाठी तेलातले रंग वेगळे मिळतात. पाण्याचा रंग वितळलेल्या चॉकलेटमध्ये घातला की ते घट्ट गोळा होतं.

फॉन्डंटबद्दल, म्हणजे लाटून आकार द्यायच्या साखरेच्या गोळ्याबद्दल, फार लिहीत नाही, माझं आणि त्याचं जमलं नाही. साखरच ती, हवेतलं पाणी ओढते. श्रावणात केलेले फॉन्डंटचे मोदक फ्रीजमधून काढल्यावर घामाघूम झाले आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून बसले. सीएमसी पावडर (घट्टपणा आणणारी खाण्याची पूड) मळून घातली की जरा ताठ राहतात. घेताना हिरवा ठिपका बघा, काहींत जिलेटिन असतं आणि ते कुठल्या पाहुण्याला चालणार नाही हे केक कापल्यावर कळण्यात अर्थ नाही.

पायपिंग बॅग (क्रीम भरून पिळायची पिशवी) कापडी घेतली होती, तिसऱ्या धुण्यानंतर तिला खवट वास आला. प्लॅस्टिकच्या वापरून टाकायच्या असतात, पण मी दोनदा धुतो. पातळ बॅग ऐन गुलाबात शिवणीवर फाटते. घेताना दोन बोटांत चुरगाळून बघा, जाड बॅग कडक आवाज करते. वजनकाटा एक ग्रॅमच्या अचूकतेचा पुरतो. तपासायला २०११ च्या मालिकेतली पाचची दहा नाणी ठेवा, ६० ग्रॅम दाखवायला हवेत. माझा ६१ दाखवतो, तेवढं मी चालवून घेतलं. नोकरीत नसतं चालवलं.

केक नेण्याबद्दल एवढंच: स्पंजखाली बोर्डवर चमचाभर क्रीम लावून तो चिकटवा आणि खोक्यात बोर्डखाली जाळीची रबरी मॅट घाला. हे दोन्ही न करता मी स्कूटरच्या पायदानावरून एक केक औंधला नेला. पोहोचेपर्यंत तो खोक्याच्या भिंतीला टेकला होता.

राहता राहिला बीटर. हातातला, ३०० वॅटचा, अठराशेचा. पाच-सात मिनिटांत गरम होतो, मग त्याला विश्रांती द्यावी लागते. तेवढ्यात बर्फाची परात असल्याने क्रीमचं काही बिघडत नाही. स्टँड मिक्सर घ्यावा असं मला वाटतं. बायको म्हणते आधी ओट्यावर जागा दाखवा. मोजली, टर्नटेबल आणि पोळ्यांचा डबा यांच्या मधे २२ सेंटिमीटर आहेत. दुकानात पाहिलेला सगळ्यात लहान ३० चा आहे. पोळ्यांचा डबा हलणार नाही असं कळवण्यात आलंय.