३५ इंची टायर : टायर झकास, पण गिअरचं बिल मागून येतं

पिकअपला कंपनीचे २६५/७० आर १७ काढून ३१५/७० आर १७ (याच साईजला ३५ इंची म्हणतात) मड टेरेन म्हणजे चिखलाचे टायर टाकले, बरेच महिने वापरून झाले, आता निवांत लिहितो. ब्रँड लिहीत नाही कारण टायरबद्दल तक्रारच नाहीये, चिखलात पकड जबरदस्त, साईडवॉल दणकट, धारदार दगडांवरून नेलं तरी काही झालं नाही. हायवेला घूं घूं आवाज येतो पण मड टायर म्हटल्यावर तो यायचाच. हा रिव्ह्यू साईजचा आहे, म्हणजे टायर वाढवला की मागे गाडीत काय काय बदलतं त्याचा, कारण दुकानात "बसेल का, घासेल का" याच्या पुढे कोणी बोलत नाही.

आधी आकडे. टायरवर पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साईडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा रिम किती इंची. जुन्या टायरचा व्यास ८०३ मिलिमीटर, नव्याचा ८७३, म्हणजे ७० मिलिमीटरचा फरक, जवळजवळ पावणेनऊ टक्के. (३५ म्हणून विकतात पण मोजला तर साडेचौतीसपण भरत नाही, या साईजचं असंच आहे.) बरं, ७० वाढले म्हणून गाडी ७० ने उचलली जात नाही हां, ॲक्सल चाकाच्या मधोमध असतो त्यामुळे डिफच्या (ॲक्सलमधला गोळा, ज्यातून इंजिनची ताकद दोन्ही चाकांना जाते) खाली जागा मिळते निम्मी, ३५ मिलिमीटर. एवढ्यासाठी पुढचं सगळं रामायण.

चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे तेवढ्याच स्पीडला चाक कमी फिरतं आणि इंजिनपण कमी फिरतं. माझ्या डिफमध्ये ३.७३ चा क्राऊन-पिनियन होता, म्हणजे छोटा गिअर (पिनियन) ३.७३ वेळा फिरला की मोठा गिअर (क्राऊन) आणि चाक एकदा फिरतं, तो या टायरवर ३.४३ असल्यासारखा वागायला लागला. कागदावर मांडून बघा, टॉप गिअरचा रेशो ०.७० धरला तर १०० च्या स्पीडला आधी इंजिन १७२५ आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास फिरायचं, आता १५९० च्या आसपास. बरेच जण इथे खूश होतात की आरपीएम उतरला म्हणजे एव्हरेज वाढणार. कसलं काय! सपाट रस्ता, रिकामी गाडी, वारा नाही, असं असेल तर थोडंफार चालून जातं, पण जरा चढ लागला किंवा मागे सामान असलं की इंजिन त्याच्या ताकदीच्या पट्ट्याच्या खाली गेलेलं असतं आणि तुम्ही एक्सलरेटर दाबत बसता. सायकल सगळ्यात जड गिअरवर टाकून चढावर पायडल मारल्यासारखं होतं ते.

आणि इथे मार खातो गिअरबॉक्स. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. लांबट चढावर ती टॉपमध्ये जायची, ओढवेना म्हणून एक गिअर खाली यायची, स्पीड आला की परत वर, परत खाली, हे चालूच. प्रत्येक वेळी टॉर्क कन्व्हर्टरचं (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो, तेलातून ताकद पुढे देतो) लॉकअप, म्हणजे त्याला थेट जोडून ठेवणारी पकड, सुटतं, आणि लॉक नसलेला कन्व्हर्टर आत नुसतं तेल घुसळत असतो, त्याची सगळी उष्णता गिअरबॉक्सच्या तेलातच जाते. डॅशवर ट्रान्समिशन टेम्परेचरचा आकडा लावून ठेवलाय, एरवी नव्वदच्या घरात असणारा आकडा अशा चढावर एकशे दहाच्या वर जाताना बघितलाय, आणि तेव्हा मागे काही फार वजनपण नव्हतं. तेल असं वारंवार तापलं की लवकर काळं पडतं, आतल्या क्लच प्लेटा घसरायला लागतात, मग गिअर टाकताना झटके. डिफचे गिअर बदलेपर्यंत चढावर टॉप गिअर बंद करून चालवा, हा फुकटचा उपाय आहे आणि खरंच उपयोगी पडतो. मॅन्युअलवाल्यांचं दुखणं वेगळं, पहिला गिअर लांब झाल्यामुळे उठताना क्लच जास्त वेळ अर्धा धरावा लागतो, विशेषतः चढावर, आणि क्लच प्लेट लवकर संपते.

स्पीडोमीटरबद्दल थोडक्यात. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी खरी १०९ च्या जवळ असते. किलोमीटरपण कमी मोजले जातात, मीटरवर १०००० झाले म्हणजे गाडी जवळजवळ १०८७० चाललेली असते, म्हणजे प्रत्येक सर्व्हिस तेवढी उशिरा होते. एव्हरेज पडलं म्हणून रडणाऱ्यांनीपण हा हिशोब करावा, मीटरवरून ९ निघत असेल तर खरं पावणेदहाच्या पुढे आहे. पडतं तर नक्कीच, पण वाटतं तेवढं नाही. ट्यूनरने (गाडीचं सॉफ्टवेअर बदलायचं यंत्र) गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टायरची नवी साईज टाकून घेतली की हे सरळ होतं, गिअर बदलायच्या वेळापण थोड्या सुधारतात. पण सॉफ्टवेअर दात बदलत नाही, ओढायची ताकद त्याने परत येत नाही.

ती आणायची तर डिफ उघडायचा. ३.७३ ला पावणेनऊ टक्के वाढवले की ४.०५ येतं, आणि जवळचा मिळणारा सेट ४.१०. मी तोच टाकला. इथे उत्साहात लोक ४.५६ घेतात, पण पिनियनचे दात मोजा, बऱ्याच ॲक्सलमध्ये ३.७३ म्हणजे क्राऊनच्या ४१ दातांना पिनियनचे ११, ४.१० म्हणजे ४१ ला १० आणि ४.५६ म्हणजे ४१ ला ९. आकडा वाढतो तसा पिनियन बारीक होतो आणि एका वेळी अडकलेले दात कमी होतात, म्हणून कायम जड ट्रेलर ओढायचा नसेल तर ३५ ला एवढं लांब जायची गरज मला तरी दिसत नाही. आणि फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही डिफ एकाच रेशोचे पाहिजेत, नाहीतर फोर व्हील टाकलं की दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) जातो. म्हणजे सगळा खर्च डबल.

काम कोण करतंय हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. मी शेजारी उभा राहून बघितलं. क्राऊनच्या दातांना पिवळी पेस्ट लावून हाताने फिरवतात, पिनियन जिथे टेकतो तिथली पेस्ट पुसली जाते आणि दातावर एक लांबट ठसा उमटतो. तो दाताच्या मध्यावर पाहिजे. पहिल्यांदा ठसा दाताच्या मुळाशी खोल पडला होता, म्हणजे पिनियन जास्त आत बसलेला, म्हणून परत सगळं उतरवून शिम (पिनियनखालची पातळ चकती) बदलली, बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक) परत डायल लावून मोजला. कंटाळवाणं काम आहे, दिवस जातो, पण जो मेकॅनिक हे न करता "बसवून देतो दोन तासात" म्हणतो त्याच्याकडून निघून या, नाहीतर थोड्याच दिवसात डिफ घरघर करायला लागतो. नंतर पहिले सात-आठशे किलोमीटर ट्रेलर नाही, सुरुवातीला थोडं चालवून गाडी पूर्ण गार होऊ द्यायची, आणि मग डिफचं तेल बदलायचं. काढलेल्या तेलात चकाकणारी बारीक पूड दिसते, तेवढी चालते, तुकडे निघाले तर मात्र लगेच उघडा.

४.१० नंतर १०० ला इंजिन परत साडेसतराशेच्या आसपास आलं, गिअरची वर-खाली बंद झाली, तोच चढ आता एका गिअरमध्ये जातो आणि टेम्परेचर जागेवर. खरंतर तेव्हा कुठे टायरची मजा यायला लागली.

पण रेशो बदलून वजन कमी होत नाही. एकेक टायर आधीपेक्षा आठ-नऊ किलो जड आहे, आणि हे वजन स्प्रिंगच्या खाली लटकतं. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग, शॉकअप सगळ्यांचं आयुष्य कमी होतं, त्यात बाहेर निघणारी रिम घेतली असेल तर अजूनच. ब्रेकचं लोक विसरतातच, पॅड आणि डिस्क त्याच, पण चाकाची त्रिज्या वाढली म्हणून तेवढ्याच पायाच्या दाबात रस्त्यावर मिळणारा जोर आठेक टक्के कमी, वरून फिरणारं वजन जास्त. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं लागतं, पावसात तर नक्कीच. आठेक हजार किलोमीटरला टायरच्या जागा आपसात बदलून घ्यायच्या, मड टायर एका बाजूने खाल्ला की आवाज असह्य होतो. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासायचं, ते थोडं कापलं आणि विषय संपला.

मार्क द्यायचे तर टायरला पाचपैकी साडेचार, ३.७३ वर ३५ या जोडीला दोन, ४.१० सोबत चार. गिअरचं बजेट नसेल तर सरळ २८५/७० आर १७ घ्या, फरक फक्त साडेतीन टक्के, गिअरबॉक्सला कळतसुद्धा नाही आणि दिसायलापण मस्त दिसतात. आणि हो, स्टेपनी त्याच साईजची घ्या. ३५ गाडीच्या खालच्या मूळ जागेत मावत नाही त्यामुळे मागे किंवा बेडमध्ये सोय करावी लागते, पण म्हणून जुनी छोटी ठेवू नका, ती एका चाकाला लावून फोर व्हील टाकली तर नव्या गिअरची वाट तुम्हीच लावाल.