राइड नको म्हणणाऱ्या ऑटिस्टिक पोराला कुठं न्यावं: रामोजी, वंडरला की इमॅजिका?

राइडमध्ये बसतच नाही तर एवढं तिकीट काढून न्यायचंच कशाला, हे मला सासूबाईंनी विचारलं, माझ्या भावानं विचारलं, आणि पहिल्यांदा जाताना मलाही तसंच वाटत होतं. आमचं लेकरू सोळा वर्षांचं आहे, ऑटिझम आहे, बोलतो पण मोजकंच, उंची बापाएवढी झालीय, आणि पायाखालची जमीन हलवणारं जे काही असेल ते त्याला नको म्हणजे नको. लहानपणी परभणीच्या उरुसात एकदा आकाशपाळण्यात बसवलं होतं, पाळणा वर जाऊन थांबला तेव्हा त्यानं माझा दंड असा काही धरला की दोन दिवस वळ होते, त्यानंतर आम्ही परत कधी बसवलं नाही. तरी गेल्या तीन वर्षांत रामोजी फिल्म सिटी, हैदराबादचंच वंडरला आणि खोपोलीचं इमॅजिका अशी तिन्ही ठिकाणं आम्ही केली, एकही राइड न करता केली, आणि त्यातल्या दोन ठिकाणांहून तो परत जायचंय म्हणत घरी आला. आपल्याकडून, म्हणजे मराठवाड्यातून, जाणाऱ्यांनी यातलं कोणतं निवडावं, ते माझ्या अनुभवावरून लिहितेय.

पार्क निवडायच्या आधी एक गोष्ट नीट बघा, तुमच्या लेकराचं "राइड नको" म्हणजे नेमकं काय नको. आमच्या थेरपिस्ट मॅडमनी हे समजावलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, काही ऑटिस्टिक लेकरांचा तो इतका नाजूक असतो की थोडं हललं तरी आपण पडतोय असं वाटतं, आणि काहींचं बरोबर उलटं, ती गोल गोल फिरूनही दमत नाहीत. पण काही लेकरांना हलण्याचा त्रासच नसतो, त्यांना गोंगाट नको असतो, काहींना तो छातीवर येणारा बार आणि पट्टा नको असतो, काहींना लायनीत पुढच्याचा धक्का लागतो तो नको असतो. बाहेरून सगळी एकच दिसतात, राइड बघितली की मागं सरकतात. पण हलणं नको असेल तर बाकीचा अख्खा पार्क तुमचा आहे, आणि आवाज नको असेल तर राइडपेक्षा शोच जास्त अवघड जातात. आमच्याकडं पहिलं कारण हलणं, दुसरं अचानक येणारा आवाज. सतत चालू असलेला आवाज त्याला चालतो, ट्रेनचा तर आवडतो.

रामोजीपासून सुरू करते कारण मराठवाड्यातून ते सगळ्यात सोपं आहे. संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड कुठूनही अजिंठा किंवा देवगिरी एक्सप्रेस पकडली की सिकंदराबादच्या बाजूला उतरता येतं, आणि आमच्या लेकराला तो ट्रेनचा प्रवास हीच अर्धी सहल वाटते. फिल्म सिटी हैदराबाद शहरापासून तीसेक किलोमीटरवर विजयवाडा हायवेला आहे, १९९६ साली सुरू झाली, सोळाशे एकरांच्या वर जागा, जगातला सगळ्यात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे. आपली गाडी आत नेता येत नाही, त्यांच्या लाल रंगाच्या जुन्या पद्धतीच्या बस असतात, त्यात बसून सेट बघायचे, मधेमधे उतरायचं. इथं राइड नाहीत असं नाही, पण लोक राइडसाठी येतच नाहीत, त्यामुळं "बस की, घाबरतो काय एवढा मोठा होऊन" असं म्हणणारं तिथं कुणी भेटत नाही. सोळा वर्षांच्या पोरासाठी हे लई मोठं आहे, कारण त्याला फारसं बोलता येत नसलं तरी लोक काय म्हणाले ते कळतं.

तिथं एक रेल्वे स्टेशनचा सेट आहे. बसमधून दिसला तसा हा उठून उभाच राहिला. खाली उतरल्यावर प्लॅटफॉर्मवर वाकून वाकून रूळ बघितले, टोकापर्यंत चालत गेला, परत आला आणि मला म्हणाला, "रूळ पुढं जात नाहीत. खोटं स्टेशन आहे." मग दिवसभर प्रत्येक सेटला मागून जाऊन बघायचं काम चालू, पुढून दगडाची भिंत आणि मागं प्लायवूड आणि बांबू, हात लावायचा, ठोकायचं, "खोटं" म्हणायचं आणि हसायचं. त्याला एवढं सलग हसताना मी घरीसुद्धा क्वचित बघितलंय. ज्या लेकरांना गोष्ट कशी बनते, आत काय असतं याचं वेड आहे त्यांच्यासाठी ही जागा सोनं आहे, पिक्चर कसा शूट होतो आणि आवाज नंतर कसे भरतात ते दाखवणारा शो पण त्याला आवडला, कारण आवाज कुठून येणार ते आधी दिसतं. बोन्साय गार्डन आणि फुलपाखरांचा बाग शांत आहेत, तिथं आम्ही प्रत्येकी अर्धा तास निवांत बसलो. पक्ष्यांच्या पार्कात मात्र मोठे पोपट असे ओरडतात की कानावर हेडफोन पाहिजेच.

आता रामोजीत काय जड जातं ते पण सांगते. वाइल्ड वेस्टचा स्टंट शो आहे, त्यात बंदुकीचे बार उडतात, तो सरळ टाळा, बाहेर थांबलं तरी आवाज येतो म्हणून त्या वेळेला लांब कुठंतरी जा. बोरासुरा नावाचं अंधारातलं भुतांचं आहे, तिकडं फिरकू नका. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मधूनच बाहेर पडायचं झालं तर लगेच पडता येत नाही, बसची वाट बघावी लागते, गेट लांब असतं. दुपारी दोनच्या सुमाराला त्याचं डोकं भरलं, हात चावायला लागला, तेव्हा आम्ही एका बागेत झाडाखाली चादर टाकून त्याला पालथं झोपवलं आणि पाठीवर हातानं दाबत बसलो, पाऊण तास गेला. आत तारा आणि सितारा अशी दोन हॉटेलं आहेत, परवडत असेल तर एक रात्र तिथं घ्या, नाहीतर सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरा आणि तीनला निघायचंच असं ठरवून जा.

वंडरला हैदराबादलाच आहे, आउटर रिंग रोडला, २०१६ ला सुरू झालं. इथला निम्मा पार्क पाण्याचा आहे आणि तुमचं लेकरू पाण्यातलं असेल तर बाकी काही वाचू नका, इथंच जा. घसरगुंड्या सोडा, नुसता वेव्ह पूल, म्हणजे लाटा येणारा तलाव, आणि ती संथ वाहणारी नदी, टायरमध्ये पडून फिरत राहायचं, यातच तीन तास निघतात. पाण्याचा दाब अंगाला सगळ्या बाजूंनी जाणवतो त्यानं बऱ्याच लेकरांचं डोकं शांत होतं, आमच्याकडं घरी बादलीतसुद्धा ते दिसतं. पण आमचं वंडरला फसलं. कारण साधं होतं, वॉटर पार्कात नायलॉनचेच कपडे लागतात, कॉटन चालत नाही, आणि त्याला अंगाला चिकटणारं कापड सहन होत नाही. मी हे आधी लक्षातच घेतलं नाही. काउंटरवरून घेतलेला ड्रेस त्यानं दहा मिनिटांत काढून टाकला आणि उरलेला दिवस आम्ही बाकावर काढला. म्हणून सांगते, महिनाभर आधी नायलॉनचा शर्ट-पँट आणून घरी घालायची सवय करा, लेबल कापून टाका, दोन-तीनदा धुऊन मऊ करा.

दुसरी गोष्ट आयांसाठी. पोरगा सोळाचा झाला की आपल्याला त्याच्यासोबत जेन्ट्स चेंजिंग रूममध्ये जाता येत नाही. त्याचा बाप किंवा मामा सोबत असल्याशिवाय वॉटर पार्कचा बेत करूच नका, मी एकटीनं नेऊ शकले असते असं एकच ठिकाण आहे आणि ते रामोजी. वंडरलात रेन डान्सचा डीजे पण असतो, वेव्ह पूल सुरू व्हायच्या आधी भोंगा वाजतो, ज्याला अचानक आवाज चालत नाही त्याला आधी लांबून दोनदा ऐकवा मग जवळ न्या.

इमॅजिका खोपोलीला, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेपासून जवळ, २०१३ पासून आहे. आपल्याकडून लांब पडतं, संभाजीनगरवरून गाडीनं सहा-सात तास धरा, परभणी-लातूरकडच्यांना नांदेड-पनवेल एक्सप्रेस आहे, पनवेलला उतरून टॅक्सी. खरं तर हे पूर्ण राइडचंच पार्क, म्हणून मी जायलाच तयार नव्हते, भाच्यांसाठी गेलो. आणि तिथं मला कळलं की राइडमध्ये न बसणं आणि राइड न आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नायट्रो नावाचा मोठा रोलर कोस्टर आहे, खाली फळीच नसते, पाय लोंबकळत राहतात. हा त्याच्या रेलिंगला उभा राहिला तो चाळीस मिनिटं हललाच नाही. कानावर हेडफोन, हातात छोटी वही, डबा साखळीवरून वर चढायला लागला की पेन टेकवायचा, खाली येऊन ब्रेकचा फुस्स आवाज आला की टिक करायची, पुढं सेकंद लिहायचे. "पाच वेळा उलटा होतो," हे त्यानं मला सांगितलं, मला मोजता आलं नसतं. भाचे वरून ओरडत गेले तेव्हा हात पण हलवला. कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो की तो बघायलाच आलाय, त्यात काही चूक नाही.

तिथं स्नो पार्क आहे, वेगळं तिकीट लागतं, आत खरा बर्फ आणि अंगात घालायला जाडजूड जॅकेट देतात. त्याला बर्फापेक्षा ते जड जॅकेटच आवडलं, अंगावर वजन आलं की त्याला बरं वाटतं, बाहेर आल्यावर काढायला तयार नव्हता. संध्याकाळची परेड रस्त्याच्या अगदी कडेला उभं न राहता मागून बघा, ढोल आणि स्पीकर जवळून झेपत नाहीत. आणि या पार्काची खरी जमेची बाजू म्हणजे लागूनच नोव्होटेल हॉटेल आहे, दुपारी खोलीवर जाऊन पडदे लावून झोपवता येतं, फक्त त्याच तिकिटावर परत आत सोडतात का ते सकाळीच गेटवर विचारून घ्या. महाग आहे, मान्य आहे, आम्ही एकच रात्र राहिलो. पावसाळ्यात मात्र नका जाऊ, खोपोलीचा पाऊस आपल्या पावसासारखा नाही, दिवसच्या दिवस थांबत नाही.

तर माझा हिशोब असा आहे. पहिल्यांदाच नेत असाल, एकटी आई असेल, लेकराला ट्रेन-इमारती-पक्षी-फुलपाखरं असलं काही आवडत असेल तर रामोजी. पाणी आवडतं, बाप सोबत आहे, कपड्याचं जमतंय तर वंडरला. भावंडांना राइड हव्यातच आणि याला यंत्रं बघायचं वेड आहे, वर एक रात्र राहायचे पैसे आहेत तर इमॅजिका. आवाज हीच मुख्य अडचण असेल तर तिन्हींपैकी एकालाही लगेच नेऊ नका, आधी एक दिवस जवळ करून बघा, संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात प्राणी बघायला सकाळी लवकर, नाहीतर पैठणला नाथसागरावर. तिथल्या जायकवाडी धरणाला सत्तावीस दरवाजे आहेत, आमच्यानं ते जाताना मोजले आणि येताना परत मोजले. घरापासून लांब, अनोळखी लोकांत, बाहेरचं टॉयलेट वापरून लेकरू चार तास टिकतं का ते तिथंच कळतं, आणि नाही टिकलं तर दोन-तीन तासांत घरी येता येतं.

कागदांचं थोडक्यात. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढाच आणि तिकीट घेताना प्रत्येक पार्कात दाखवून सवलत आहे का ते तोंडानं विचारा. रेल्वेत बौद्धिक अक्षमतेचा दाखला असेल तर स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत मिळते, सोबतच्या एका माणसाला पण तेवढीच.

आणि डबा. एका पार्काच्या गेटवर, नाव लिहीत नाही, माझ्या लेकराची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर ठेवायला लावली, बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून. तो बाहेरचं खातच नाही, चार-पाच पदार्थ सोडून त्याच्या तोंडात काही जात नाही, हे मी तिथं उभी राहून तीन जणांना सांगितलं, मागं लाइन लागलेली, लोक बघतायत, आणि तो माझी ओढणी ओढतोय. तो दिवस मी विसरणार नाही. तेव्हापासून डॉक्टरांकडून एक ओळीचं पत्र लिहून घेतलंय, "आहाराच्या मर्यादेमुळं घरचं अन्न सोबत ठेवणं आवश्यक", लॅमिनेट करून पर्समध्ये असतं, आणि जायच्या दोन दिवस आधी पार्काला फोन करून बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवते. त्यानंतर कुणी अडवलं नाही.

डिसेंबर-जानेवारीत मंगळवार-बुधवार बघून जा, नाताळाचा आठवडा सोडून. जायच्या आठ दिवस आधी आम्ही फोटो छापून वहीत चिकटवतो, स्टेशन, ट्रेन, गेट, बस, टॉयलेट, झाडाखाली बसायची जागा, आणि शेवटच्या पानावर आमच्या घराचं दार. ते शेवटचं पान तो दिवसभरात दहा-बारा वेळा उघडून बघतो, मग पुढं चालायला लागतो.