अमिगाचा सॅम्पलर म्हणून रिकामी डबी विकतायत, जपून

जुन्या कॉम्प्युटरवर म्युझिक करणाऱ्यांनी हे प्लीज वाचा. मी इंग्लंडमधे राहतो, इथे अमिगा ५०० हा जुना होम कॉम्प्युटर अजून कित्येकांच्या माळ्यावर सापडतो आणि त्याच्या सामानाची ऑनलाइन खरेदी-विक्री जोरात असते. तिथेच एकाकडून ४५ पौंडांना 'स्टिरिओ सॅम्पलर' घेतला. अमिगातली आवाजाची चिप पॉला चार चॅनल, ८ बिट, वाजवते झकास, पण बाहेरचा आवाज आत घ्यायची त्यात सोयच नाही, म्हणून तर पॅरलल पोर्टला, म्हणजे प्रिंटर जोडायच्या जागी, सॅम्पलर लावायचा, तो आवाजाचे आकडे करून देतो आणि मग तबल्याचा एखादा बोल घेऊन प्रोट्रॅकर या म्युझिकच्या प्रोग्रॅममधे अख्खं गाणं बांधता येतं. मला तेच करायचं होतं.

विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवला होता, डबी लावलेली आणि गाणं मस्त वाजतंय. इथे मात्र माइक लावा, फोन लावा, स्क्रीनवरची रेषा सपाट. शेवटी स्क्रू काढले तर आत एकही चिप नाही! नुसती रेझिस्टरची रांग, १० आणि २० किलोओहमची, बास. म्हणजे हा डीएसी, पीसीच्या प्रिंटर पोर्टला कोव्हॉक्स नावाची आवाजाची डबी लावायचे ना, त्या जातीचा. तो आकड्यांचा आवाज करतो, उलटं काम त्याला जमणारच नाही. वर नवं कोरं स्टिकर छापून चिकटवलेलं. व्हिडिओतलं गाणं अमिगाच्या स्वतःच्या ऑडिओ आउटमधून येत होतं, डबीचा काडीचा संबंध नव्हता. पैसे मागितले तर म्हणे तुम्ही स्क्रू उघडलेत, आता परत घेणार नाही. सरळ सरळ लुबाडणूक आहे ही.

घेणार असाल तर आधी आतला फोटो मागा, एडीसी चिप, म्हणजे आवाजाचे आकडे करणारी, दिसलीच पाहिजे आणि तिचा नंबर वाचता आला पाहिजे. एडीसी०८०४ असेल तर काम होतं, पण तिला एका सॅम्पलला १०० मायक्रोसेकंद लागतात म्हणजे सेकंदाला जेमतेम १० हजार, त्यावर कोणी ५० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० हजार, सांगत असेल तर थापा मारतोय. व्हिडिओत त्याला माइकवर बोलायला लावा, रेषा हलली पाहिजे, माइकची वायर उपटली की थांबली पाहिजे. डबी मात्र चालू मशीनला लावू-काढू नका हं, पोर्ट थेट अमिगातल्या ८५२० चिपला जोडलेला असतो, ती उडू शकते.

त्या माणसाने कालच तसलीच डबी तोच व्हिडिओ लावून परत विकायला टाकलीये. राखाडी रंग, २५ पिनांचा प्लग, आणि स्टिरिओ म्हणतोय पण डाव्या-उजव्या दोन आवाजांसाठी ऑडिओ वायरचा आरसीए जॅक एकच.