केरी-सत्तरीतलं फायबर इंटरनेट: चालतं तेव्हा झकास

माझं झेरॉक्सचं दुकान. जमिनीचे एक-चौदाचे उतारे, सरकारच्या गोवा ऑनलाइन पोर्टलचे अर्ज, सगळं या १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर. उन्हाळ्यात नाव ठेवायला जागा नाही. पण आषाढ लागला, चोर्ला घाटाकडून वारा सुटला, की फणसाची फांदी वायरवर आणि मोडेमवर लाल दिवा! कस्टमर केअरची बाई गोड आवाजात सांगते, ‘तुमच्या भागात सेवा सुरळीत आहे.’ लाइनमन पोरगा मात्र गुणाचा. धो-धो पावसात खांबावर चढला, चहासुद्धा उभ्याउभ्याच घेतला.

कंपनीच्या नकाशावर आमचा अख्खा वाडा (वस्ती) हिरवागार, म्हणजे सेवा आहेच. सरकारी व्याख्येत २०२३ पासून किमान २ एमबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड (आधी तर ५१२ केबीपीएस!), म्हणजे रखडत चाललं तरी कागदोपत्री आम्ही जोडलेलेच. अमेरिकेने २०२० साली ब्रॉडबँड डेटा कायदा केला. तिथे कुठे नेट पोहोचतं याचा घराघराचा नकाशा आणि तो चुकीचा असेल तर साध्या माणसालाही हरकत घेता येते. इथे तशी सोय झाली तर पहिला अर्ज माझा, झेरॉक्ससकट.

पाचपैकी तीन तारे, त्यातला एक लाइनमनचा. दुकानासाठी घेताय? मग मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवाच.