नाकातली नळी, घरचं लिक्विड आणि पावडरीचा डबा: काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगते, मग कारणं. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला नाकातून नळी बसली असेल, तर रोजचं पोट घरच्या लिक्विडवर भरा आणि दुकानातल्या तयार आहार-पावडरीचा डबा अडीनडीला ठेवा. सगळं डब्यावर सोपवायचं तर खिसा फाटतो आणि त्या मानाने हाती फार लागत नाही.

मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, गालाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन. निपाणीत तंबाखूच्या वखारीत उमर गेलेली, गालात गोळी कायमची. शेक निम्म्यावर आले आणि तोंड आतून सोलून निघालं, साधं पाणी झोंबायला लागलं. मग राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घातली. भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक पथ्य सांगून जायचा. गोड बंद करा, साखर कॅन्सरला पोसते, दूध नको, कफ होतो, अंडं उष्ण. आहारतज्ज्ञ बाईंनी दोन वाक्यांत सगळं निकालात काढलं. म्हणाल्या, वजन उतरलं की अंगात त्राण राहत नाही आणि शेक मध्येच थांबवायची पाळी येते. उपास कॅन्सरला घडत नाही, पेशंटलाच घडतो.

त्यांनी दिलेला हिशेब असा: वजनाच्या किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रोटीन. मामा पन्नास किलोच्या आसपास, म्हणजे १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रोटीन. आमटीचं वरचं पाणी, पेज, शहाळं असलं काही नळीतून सोडत बसलात तर याच्या निम्म्यालाही पोचत नाही. पोट भरल्यासारखं दिसतं आणि माणूस वाळत जातो.

आमचं दिवसाचं माप साधारण असं होतं: एक लिटर दूध, तीन अंडी, अर्धी वाटी मूगडाळ, मूठभर नाचणीचं सत्त्व आणि चार चमचे तेल. नुसत्या दुधातून तीसेक ग्रॅम प्रोटीन येतं, तीन अंड्यांतून अठरा. डाळ-नाचणी धरली की साठी पार होते. अंडी पूर्ण उकडून दुधात मिक्सरला फिरवायची आणि पातळ मलमलीतून गाळायची. आत्या, म्हणजे सासूबाई, माळकरी, त्यामुळे अंड्यांचा गॅस, पातेलं आणि मिक्सरचं भांडं मागच्या पडवीत वेगळं. त्यावर घरात एक शब्द झाला नाही, हे मुद्दाम सांगते.

खरी गंमत नाचणीची. साध्या पिठाची आंबील गरम असताना पातळ वाटते, निवली की खळीसारखी होते आणि सिरिंजचा दट्ट्या पुढे सरकत नाही. तीच नाचणी मोड आणून, सावलीत वाळवून, अगदी हलकी भाजून दळली की लिक्विड घट्ट होत नाही. मोड येताना धान्यात जे एन्झाइम तयार होतं ते पिष्ट तोडतं, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावतं. आमच्या भागात बाळांना हे सत्त्व घालतातच, म्हाताऱ्या माणसाला कोणी घालत नाही एवढंच.

देण्याची पद्धत हॉस्पिटलमध्ये दाखवतात, ती नीट बघून घ्या. आम्ही एका वेळी दोनशे मिली द्यायचो, दोन-अडीच तासांनी. पाठीला उशा लावून बसवायचं आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही. नाकपुडीपाशी नळीवर पेनाची खूण असते; ती सरकलेली दिसली किंवा देताना खोकला आला तर थांबायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. दट्ट्या काढून, सिरिंज उंच धरून लिक्विड आपोआप उतरू द्यायचं. फ्रिजमधलं गार दिलं किंवा घाईने ढकललं की जुलाब ठरलेले. आधी-नंतर थोडं पाणी सोडायचंच. नळी तुंबते ती बहुतेक गोळ्यांच्या भुकटीने, म्हणून औषध लिक्विडात न मिसळता वेगळं द्यायचं. तुंबलीच तर कोमट पाणी हळूहळू आत-बाहेर करायचं, तार-बिर घालायची नाही.

पहिली नळी साधी पीव्हीसीची होती. काही दिवसांत ती कडक झाली आणि नाकपुडी लाल पडली. नंतरची सिलिकॉनची महाग, पण मऊ, आणि मामांची त्या नळीबद्दलची कुरकुर थांबली. पैसे खर्चायचेच असतील तर इथे खर्चा.

आता डबा. दुकानदाराने पुढे केलेल्या डब्यावर १०० ग्रॅमला प्रोटीन पंधराच्या आसपास होतं, बाकी बराचसा भाग माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पावडर) आणि साखर. साय काढलेल्या साध्या दूध पावडरीत १०० ग्रॅमला पस्तीसच्या आसपास असतं आणि ती किराणा दुकानात मिळते. जास्त प्रोटीनचे डबे असतात, पण मागून घ्यावे लागतात, आणि ज्यांची किडनी किंवा शुगर बिघडलेली आहे त्यांनी विचारल्याशिवाय कुठलाच घेऊ नये. फ्लेवर व्हॅनिला. नळीतून जाणाऱ्याला फ्लेवर काय करायचाय, असं मला वाटलं होतं. पण ढेकर आली की तोच वास, आणि मामा दोन्ही हातांनी नको नको करायचे.

तरी डबा उपयोगी पडला. उन्हाळ्यात लाईट गेली की मिक्सर बंद. कोल्हापूरला तपासणीला जाताना गाडीत दुधा-अंड्याचं लिक्विड तासन्‌तास टिकत नाही. तिथे उकळून गार केलेलं पाणी आणि पावडर, काम झालं. रात्री उशिराच्या पाळीलाही तोच.

नळी निघून आता काही आठवडे झाले. लाळ कमी, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, ठेचा तर लांबच. मऊ भात-वरण, अंड्याची पातळ बुर्जी, दुधात कुस्करलेला बेळगावी कुंदा चालतो. गोकाकचं करदंट (डिंक-सुक्यामेव्याची वडी) कोणी आणलं की नातवंडांची चैन. सत्त्व मात्र सकाळी अजून असतं, आता कपातून. डब्यात थोडी पावडर उरलीय. ती संपली की नवीन आणायची नाही असं माझं मत. आत्या म्हणतात, एक असू दे घरात.