लिटल बिगहॉर्नचा वाद नकाशावर मांडताना: टोपोशीट, पट्ट्या आणि ठोकळे, काही महिन्यांच्या वापरानंतर

25 जून 1876 रोजी माँटाना प्रदेशात लिटल बिगहॉर्न नदीकाठी लॅकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या हाताखालच्या अमेरिकेच्या सातव्या घोडदळ रेजिमेंटचा पराभव केला. त्यावर वाद घालणारे बहुतेक जण माणसांच्या स्वभावावर बोलतात. कस्टर उतावळा, त्याच्या हाताखालचे अधिकारी म्हणजे रेनो भित्रा आणि बेंटीन मनात आकस धरणारा. असा वाद हवा तितका लांबतो, कारण त्याला अंतर आणि वेळ यांचा अडसरच नसतो. तो अडसर घालण्यासाठी आम्ही एक साधी मांडणी वापरतो: टोपोशीट (जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा), कागदी पट्ट्या, लाकडी ठोकळे, माहितीच्या चिठ्ठ्या आणि रेनोच्या वागणुकीवर पुढे झालेल्या लष्करी चौकशीतल्या साक्षी. काही महिन्यांच्या नियमित वापरानंतर ती कुठे कामाला येते आणि कुठे फसवते, ते इथे लिहितो.

नकाशा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचा, 1:24,000 प्रमाणाचा. तो विभागाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतो. या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे 240 मीटर आणि एक मैल म्हणजे 6.7 सेंटीमीटर. क्रोज नेस्ट या टेहळणीच्या जागेपासून नदीकाठच्या लॅकोटा-शायेन वस्तीपर्यंत सुमारे 15 मैल भरतात, म्हणजे टेबलावर मीटरभर लांबी लागते आणि एका पत्रकावर काम भागत नाही. छापताना प्रिंटरमधला ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा. तो चालू राहिला की प्रमाण बदलते आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. छापून झाल्यावर तळाची मैलपट्टी फूटपट्टीने मोजा. 6.7 सेंटीमीटर भरली नाही तर ते पान बाद. समोच्च (समान उंचीच्या) रेषांमधले उंचीचे अंतरही प्रत्येक पत्रकाच्या तळाशी पाहून घ्या, शेजारच्या पत्रकावर ते तेच असेल असे धरू नका.

या संचातली सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे चालीच्या पट्ट्या, आणि त्या घरी कापता येतात. त्या काळच्या अमेरिकन घोडदळाचे ढोबळ मान असे होते: कदम चालीने ताशी 4 मैल, दुडकीने 8, चौखूर 12. दहा मिनिटांसाठी कदमची पट्टी साडेचार सेंटीमीटर, दुडकीची नऊ, चौखूरची साडेतेरा. तीन रंगांच्या कार्डशीटमधून कापा. वाट वळणाची असेल तिथे पट्टीऐवजी तेवढ्याच लांबीचा दोरा वापरा. चौखूरची पट्टी मात्र सहज हातात घेऊ नका. 24 आणि 25 जूनच्या दरम्यानच्या रात्रीही ही रेजिमेंट चालत होती, घोड्यांना पाणी नीट मिळाले नव्हते. प्रत्यक्ष हल्ल्याचे अंतर सोडले तर ही पट्टी वापरणे म्हणजे त्या घोड्यांवर नसलेली ताकद लादणे.

ठोकळे कंपनीमागे एक, एकूण बारा. कस्टरकडे सी, ई, एफ, आय आणि एल, मिळून सुमारे 210 माणसे. रेनोकडे ए, जी, एम. बेंटीनकडे डी, एच, के. मॅकडुगलची बी कंपनी खेचरांच्या तांड्यासोबत. समोरच्या बाजूचे ठोकळे न करता फक्त ‘वस्ती’ अशी चिठ्ठी ठेवणारे अनेक दिसतात, आणि तिथेच वाद एकतर्फी होतो. हंकपापा, ओगलाला, मिनिकोंजू, सान्स आर्क हे लॅकोटा गट आणि उत्तर शायेन यांच्या तंबूंच्या वर्तुळांना वेगळे ठोकळे हवेत, कारण रेनोचा हल्ला आधी दक्षिण टोकाच्या हंकपापांवर आला आणि उत्तरेकडच्या लोकांना घोडे आणायला वेळ मिळाला.

आता जिथे ही मांडणी खरोखर काम करते ते सांगतो. फौज विभागणे हीच चूक, हे सर्वांत लोकप्रिय मत. नकाशावर ते जसेच्या तसे टिकत नाही. 27 नोव्हेंबर 1868 रोजी वॉशिटा नदीवर याच कस्टरने चार दिशांनी हल्ला चढवून वस्ती घेतली होती. मेजर एलियट आणि त्याच्यासोबतची माणसे तिथे मारली गेली, तरीही पद्धत यशस्वी ठरली असाच धडा घेतला गेला. वस्ती पांगून निसटेल ही त्या काळच्या सैन्याची कायमची धास्ती होती, आणि त्या धास्तीला विभागणी हे ठरलेले उत्तर होते. पट्ट्या लावल्या की दोष वेगळ्या जागी दिसतो: तुकड्यांमधले अंतर एकमेकांच्या मदतीला पोहोचण्याच्या वेळेपेक्षा मोठे झाले. पुढे ज्या टेकाडावर रेनो आणि बेंटीन एकत्र आले, तिथून कस्टरचे प्रेत सापडले त्या टेकडीपर्यंत सरळ रेषेत चार मैल आहेत. दुडकीने अर्धा तास, खेचरांच्या चालीने तासभर, आणि हे वाटेत कोणी अडवले नाही तर. माझ्या मते वादाचा खरा मुद्दा हाच आहे, बाकीचे त्याभोवती फिरतात.

या पट्ट्यांनी सोडवलेला दुसरा प्रश्न बेंटीनच्या चिठ्ठीचा. कस्टरचा ॲडज्युटंट (हुकूम लिहून पाठवणारा अधिकारी) कुक याने ट्रम्पेटर मार्टिनच्या हाती बेंटीनला पाठवलेला निरोप थोडक्यात असा: ये, मोठी वस्ती आहे, लवकर ये, पॅक (खेचरांवरचे सामान) आण. आणि ताजा कलम म्हणून पुन्हा, पॅक आण. आता नऊ सेंटीमीटरची आणि साडेचार सेंटीमीटरची पट्टी शेजारी ठेवा. घोडदळ लवकर येऊ शकते किंवा खेचरांसोबत येऊ शकते. दोन्ही एकदम होत नाही. बेंटीन त्याआधी संथ चालला का, हा प्रश्न उरतोच आणि त्यावर कठोर बोलायला जागा आहे. पण चिठ्ठी हातात पडल्यानंतरच्या त्याच्या वागण्याला आज्ञाभंग म्हणणाऱ्याने आधी हे गणित जुळवून दाखवावे.

रेनोसाठी वेगळी मोजणी लागते. विरळ रांग करताना दर चार माणसांतला एक मागे घोडे धरायला जातो. त्यामुळे तीन कंपन्या असूनही गोळी झाडणारे शिपाई शंभराच्या आतच राहतात. माणसामाणसात पाच यार्ड धरले तर रांग चारशे मीटरच्या आसपास, नकाशावर पावणेदोन सेंटीमीटर. तेवढा धागा खोऱ्यात आडवा ठेवा: उजवे टोक झाडीकडे टेकते, डावे उघडे राहते. ते टोक कसे वळवले गेले हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रेनोने झाडीतून काढता पाय घेतला तो मात्र नीट बिगुल, नीट मागची राखण याशिवाय, आणि सर्वांत जास्त माणसे त्या पळापळीतच गेली. बाजूला असलेल्या ब्लडी नाइफ या स्थानिक वाटाड्याच्या डोक्यात गोळी लागल्यानंतर रेनोचा तोल गेला, हे समजून घेता येते. पण नदी ओलांडण्याच्या उतारावर आड देणारी एक तुकडी ठेवण्याचा निर्णय त्याच्याच हातात होता.

कस्टरने भराभर गोळ्या झाडणाऱ्या गॅटलिंग तोफा सोबत घेतल्या नाहीत, हा वाद पट्टीवर पटकन संपतो. जूनमधल्या रेनोच्या टेहळणीत अशी एक तोफ सोबत होती आणि त्या जमिनीवर तिने भरपूर त्रास दिला होता. सेकंड कॅव्हलरी या दुसऱ्या क्रमांकाच्या घोडदळ रेजिमेंटच्या चार कंपन्या कस्टरने नाकारल्या, त्यावर मात्र जरूर भांडावे.

माहितीच्या चिठ्ठ्यांशिवाय ही मांडणी धोकादायक आहे. वरून नकाशा पाहणाऱ्याला सगळेच दिसते, कस्टरला दिसत नव्हते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर त्याला त्या क्षणी काय ठाऊक होते तेवढेच चिठ्ठीवर लिहा. दीड हजारांपेक्षा जास्त योद्धे समोर येणार नाहीत हा त्याचा अंदाज. 17 जूनला रोझबड नदीवर त्याच मोहिमेतल्या जनरल क्रुकला मागे फिरावे लागले, ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. वाटेत पडलेली बिस्किटांची पेटी शत्रूच्या हाती लागली, म्हणजे आपण दिसलो, हा त्याचा समज. 26 च्या पहाटेचा बेत सोडून 25 लाच पुढे जाण्याचा निर्णय या चिठ्ठ्यांसमोर बराच समजण्याजोगा होतो. वस्तीचा आकार स्वतः पाहिल्यानंतरही उत्तरेकडे सरकत राहणे तितके होत नाही.

आता त्रुटी. घड्याळाची वेळ हा या संचाचा सर्वांत कच्चा भाग आहे. रेजिमेंटच्या लेफ्टनंट वॉलेसच्या नोंदीत दुभाजक (दोन नद्यांच्या खोऱ्यांमधला उंचवटा) ओलांडल्याची वेळ दुपारी बाराच्या सुमारास येते, पण ती घड्याळे कुठल्या गावच्या वेळेला लावलेली होती यावरच मतभेद आहेत. म्हणून ‘तीन वाजून वीस मिनिटे’ असे न लिहिता ‘विभागणीनंतर इतकी मिनिटे’ असे लिहा. साक्षींबाबतही सावध राहा. चौकशी न्यायालय शिकागोत जानेवारी ते फेब्रुवारी 1879 मध्ये, म्हणजे लढाईनंतर अडीच वर्षांनी, रेनोच्याच मागणीवरून बसले. साक्षीदार रेजिमेंटचे आणि तिच्या भोवतालचे होते; लॅकोटा, शायेन लढवय्ये नव्हते. त्यांची कथने पुढे वेगवेगळ्या दुभाष्यांमार्फत नोंदली गेली, आणि त्यांत वेळ सूर्यावरून सांगितली आहे. त्यांना घड्याळाच्या मिनिटांत बसवू नका, घटनांच्या क्रमासाठी वापरा. त्यासाठी ती उत्तम आहेत.

नकाशाही आजचा आहे. नदीने पात्र बदलले आहे, रस्ते आणि लोहमार्ग नंतरचे. निळी रेषा 1876 ची धरून उताराची जागा ठरवली तर ठोकळा पाण्यात किंवा भलत्याच काठावर पडतो. शिपाई पडल्याच्या जागा दाखवणाऱ्या संगमरवरी खुणांचेही तसेच. त्या 1890 मध्ये बसवल्या आणि त्या भागात मेलेल्या माणसांपेक्षा जास्त आहेत. खूण मोजून कंपनी मोजणारा हमखास चुकतो.

कुठून काय दिसत होते याची तपासणी छेदाने होते आणि ती शिकायला सोपी आहे. दोन जागा जोडणारी कागदाची कड नकाशावर ठेवा, कड जिथे समोच्च रेषा ओलांडते तिथे खूण करा, त्या उंच्या आलेखकागदावर चढवा आणि दोन टोकांत सरळ रेषा ओढा. रेनोच्या टेकाडापासून कस्टरच्या टेकडीपर्यंत अशी रेषा ओढली की मधला वीअर पॉइंटचा उंचवटा आड येतो. म्हणून कॅप्टन वीअर आपली डी कंपनी घेऊन तिकडे निघाला, त्याचे महत्त्व कळते.

जिथे ही मांडणी अपुरी पडते ते म्हणजे कस्टरच्या पाच कंपन्यांचा शेवट. तिथे 1:24,000 फार लहान पडते. 1983 च्या वणव्यानंतर झालेल्या उत्खननात रिकामी काडतुसे कुठे पडली होती त्यांच्या जागा मिळाल्या. काडतूस कार्बाइनमध्ये (घोडदळाच्या आखूड बंदुकीत) अडकल्यामुळेच पराभव झाला या मताला त्यातून थोडाच आधार मिळतो, आणि समोरच्यांकडे हेन्री, विंचेस्टर या लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या रायफली होत्या हे स्पष्ट होते. हा भाग मांडायचा असेल तर मेडिसिन टेल कूलीच्या घळीपासून कस्टरच्या टेकडीपर्यंतचा तुकडा 200 टक्के मोठा करून छापा. मैल मग 13.4 सेंटीमीटर होतो, पट्ट्यांची लांबीही दुप्पट करा आणि कंपनीच्या ठोकळ्यांऐवजी लहान टाचण्या वापरा, नाहीतर एक ठोकळाच अख्खी डीप रॅव्हाइनची ओघळ झाकतो.